पुढील चाकांचा थरकाप व त्याचे निदान

आमच्या शाळेतील कित्येक विद्यार्थ्यांच्या घरची चूल मालवाहू गाडीवर पेटते. पहाटे दादरच्या फुलबाजारात येणारा माल, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून निघणारी पोती, श्रावण-भाद्रपदात परळ-लालबागच्या कार्यशाळांतून मंडपांकडे जाणाऱ्या लहान मूर्ती, ही ने-आण आता बहुतांशी पिकअप गाड्यांवर होते. या गाड्यांपैकी ज्यांच्या पुढील दोन चाकांमध्ये एकच अखंड एक्सल असतो, त्यांस एक भयंकर व्याधी जडते. गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असता उड्डाणपुलाच्या सांध्यावर एक चाक किंचित उसळते, आणि तत्क्षणी स्टेअरिंग चालकाच्या हातात डावी-उजवीकडे हिसके देऊ लागते. पुढील सारा भाग थरथरतो. वेग पुष्कळ कमी होईपर्यंत हा थरकाप थांबत नाही. आणि थांबला म्हणजे जणू काही घडलेच नव्हते अशा रीतीने गाडी पुन्हा सरळ चालू लागते. म्हणूनच पुष्कळ मालक या व्याधीची उपेक्षा करितात, व आमच्या मते हाच तिच्यातील मोठा धोका होय.

ही व्याधी नवी नव्हे. सुमारे १९२३ पासून मोटारींना फुगीर व कमी दाबाचे टायर बसू लागले, तेव्हा पाश्चात्य देशांत हिचा फैलाव झाला. तिकडे तिला त्या काळच्या एका अंगविक्षेपी नृत्याचे ‘शिमी’ हे नाव पडले. जॉर्ज ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ साली तिच्यावर निबंध लिहून, टायर हा कठीण चक्र नसून आडव्या बाजूस लवणारा पदार्थ आहे, हे तत्त्व पुढे मांडले. १९३४ पासून अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या मोटारींची पुढील चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली, आणि प्रवासी मोटारींतून ही पीडा पुष्कळशी हटली. जड कामाच्या गाड्यांत मात्र अखंड एक्सल टिकून राहिला, कारण तो दणकट व स्वस्त असतो. मुंबईस त्याची चांगली ओळख झाली ती विलीजच्या जीपमुळे. १९४७ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने माझगाव येथे परदेशातून आलेल्या सुट्या भागांपासून या जीपगाड्या जोडण्यास प्रारंभ केला. त्या जीपच्या पुढेही अखंड एक्सलच होता.

आता कारण पाहू. रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाके आमच्या वाचकांनी पाहिली असतीलच. गाडी वेगाने ढकलली असता त्यांपैकी एखादे चाक फडफडू लागते. ज्या दांडीभोवती ते वळते तिच्या रेषेच्या मागे ते जमिनीस टेकते. त्यामुळे ते नेहमी मागे ओढले जाऊन सरळ होऊ पाहते. सरळ होताना मध्यावर न थांबता ते पलीकडे जाते, तेथून पुन्हा परतते. मोटारीचे चाक ज्या किंगपिनवर वळते, तिचाही माथा मागे कललेला असतो, तो याच हेतूने. विलीज जीपमध्ये हा कल तीन अंशांचा ठरविला होता. हा कल असल्यामुळेच वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होते. परंतु परत येण्याची जी ओढ चाकास सरळ करिते, तीच त्यास झोक्याप्रमाणे हेलकावेही देऊ शकते. झोक्याचा जोर घर्षणाने विरतो. इकडे मात्र गाडीची पुढील गतीच प्रत्येक हेलकाव्यास नवे बळ पुरविते, आणि सांधे ढिले असल्यास ते बळ रोखावयास कोणी उरत नाही.

अखंड एक्सलमुळे यात आणखी भर पडते. विद्यार्थ्यांनी सायकलचे पुढील चाक काढून त्याचा आस दोन्ही हातांत धरावा, ते जोराने फिरवावयास लावावे आणि मग एका बाजूस कलवून पाहावे. चाक नुसते कलत नाही, ते वळूही पाहते. तो ओढा मनगटास स्पष्ट जाणवतो. आता एक्सलचे एक टोक खड्ड्यात गेले म्हणजे दोन्ही चाके एकदम कलतात, व कलताच वळतात. वळताच उलट एक्सलला उचलतात. उसळणे व वळणे या दोन गती एकमेकींस खतपाणी घालीत राहतात. एका सांध्यावरच्या क्षुल्लक धक्क्यातून एवढा उत्पात कसा उद्भवतो, त्याचे उत्तर हेच.

परंतु प्रत्येक थरथर ही व्याधी नव्हे, आणि निदानाचा आरंभ येथूनच करावा. चाकाचा परिघ २·२ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगात ते सेकंदास साडेसात फेरे करिते. रिमच्या कडेवर, मध्यापासून २० सेंटिमीटरवर, केवळ ५० ग्रॅम वजन अधिक असेल, तर त्या वेगात ते चाकास सुमारे सव्वादोन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. अशा असमतोलाने होणारी थरथर ठराविक वेगास येते व तो वेग ओलांडल्यावर पुष्कळदा कमी होते. ती बॅलन्सिंगने जाते. जी खड्ड्याच्या धक्क्याने एकाएकी सुरू होते व वेग उतरल्यावाचून थांबत नाही, ती खरी व्याधी. ती बॅलन्सिंगने दबेल, पण मुळापासून जाणार नाही.

टायर प्रथम पाहावे, कारण त्यास खर्च नाही. दोन्हीकडील हवा सारखी आहे का, टायरला फुगवटा आहे का, रिम वाकले आहे का, हे पाहून, मागील चाके जुळणारी असल्यास पुढची मागे व मागची पुढे घालून गाडी जपून चालवावी. लक्षण बदलले तर दोष चाकात. न बदलल्यास गाडी सपाट जागी उभी करून, मागील चाकांस ठोकळे लावून, पुढील चाके जमिनीवरच असू द्यावीत. एकाने स्टेअरिंग थोडेथोडे डावे-उजवे हालवावे, दुसऱ्याने गाडीखाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवावा: ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोके, स्टेअरिंगची पेटी जेथे चासीस आवळलेली असते ते बोल्ट. जेथे अलीकडचा भाग हालला व पलीकडचा क्षणभर तसाच राहिला, तेथे प्ले आहे. हाताला जे कळते ते डोळ्यांस दिसत नाही.

मग पुढील एक्सल जॅकवर उचलून त्याखाली घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. चाक वर व खाली धरून हालवावे. हालल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा अथवा तिच्या बुशांचा. ही एक युक्ती ठाऊक असली तर विनाकारण बदललेल्या कित्येक बेअरिंगांचे पैसे वाचतील. पुढे पाट्यांचे बुश, शॅकल व यू-बोल्ट तपासावेत. पाटे बसले असतील तर किंगपिनचा कल बदलतो. चाकांचे अलाइनमेंट सर्वांच्या शेवटी करावे. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट दुकानाबाहेर पडताच बिघडते.

येथे स्टेअरिंग डँपरविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ऑपेरा हाउसजवळील सुट्या भागांच्या दुकानांत गेलेल्या गाडीवाल्यास हा उपाय हमखास सुचविला जातो, कारण त्यास अर्धा तास लागतो व गुण तत्काळ दिसतो. डँपर वाईट नव्हे. काही गाड्यांस तो कारखान्यातूनच येतो. परंतु झिजलेल्या किंगपिनवर डँपर लावणे म्हणजे ताप उतरविण्याची गोळी घेऊन कामावर जाण्यासारखे आहे. सांधा आत झिजतच राहतो, आणि ज्या थरथरीने त्याची वार्ता दिली असती ती आपणच बंद केलेली असते. पुढे टाय रॉडचे टोक पुलावर निखळले तर दोन्ही चाके चालकाच्या स्वाधीन राहत नाहीत. स्टेअरिंगच्या पेटीचा स्क्रू अधिक आवळणे, हाही तसलाच उपाय; त्याने स्टेअरिंग जड होऊन वळणानंतर सरळ येईनासे होते.

चालत्या गाडीत थरकाप सुरू झालाच तर करकचून ब्रेक दाबू नये, व स्टेअरिंगशी झुंजूही नये. अंगठे चक्राच्या आत न गुंतविता ते दृढ धरावे, अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग डावीकडे थांबावे. थांबल्यावर खाली वाकून टाय रॉड व ड्रॅग लिंक जागेवर आहेत की नाहीत हे पाहावे. एकही सांधा लोंबकळत असेल तर गाडी ओढूनच न्यावी, मग माल नाशवंत का असेना.

दुरुस्तीनंतर काहीशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट व सांध्यांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवे भाग बसताना थोडे सैलावतात. टाय रॉडच्या नटातील कॉटर पिन जुनी वापरू नये. ती अगदी अल्प किमतीस मिळते.