‘टेन्शन नको’ म्हणताना

मागच्या संक्रांतीला रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू होतं. वाण घेऊन एक आई माझ्या शेजारी येऊन बसली. मुलगा इंजिनिअर, वय सत्तावीस, तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षा देतोय. इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, “ताई, आम्हाला मोठं पद नकोच. पगार बरा असावा, सुट्ट्या असाव्यात आणि डोक्याला टेन्शन नको. जबाबदारीचं काम म्हटलं की त्याचा चेहराच उतरतो हो.”

त्या गर्दीत मला काही बोलता आलं नाही. पण घरी आल्यावर झोप लागेना. 1984 साली माझ्या वडिलांनी माझ्यासाठी अगदी हेच मागितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि त्यांना ते मिळालंही होतं. त्या आईला तेव्हा सांगायचं राहिलं, ते आज तुम्हा सगळ्या आईबाबांना सांगते.

मी तात्यापाऱ्यात वाढले. बी.एस्सी. झाल्याबरोबर वडिलांनी ओळखीतून एका कार्यालयात मला चिकटवलं. आवक-जावक टपालाची नोंद करायची, एवढंच काम. मस्टरवर सही करून बसलं की साडेअकराला दिवसाचं काम संपलेलं असायचं. पगार शाळेतल्या शिक्षिकेपेक्षा जास्त. वडील अभिमानाने सगळ्यांना सांगत, “पोरीला काही त्रास नाही.” पहिली दोन वर्षं मलाही ते सुखच वाटलं. स्वेटर विणले, कादंबऱ्या वाचल्या. मग वाचणं बंद झालं. विणणंही बंद झालं. एवढा वेळ हाताशी असून काहीच करावंसं का वाटत नाही, हे मला कळेना. मी नऊ वर्षं तिथे बसले.

नवव्या वर्षी वडिलांच्या पोटात अचानक दुखू लागलं. रात्री दीड वाजता डॉक्टर म्हणाले, “आत्ता ऑपरेशन करावं लागेल, सही कोण करतंय?” भाऊ बाहेरगावी होता, आई घरी. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “विचारून सांगते.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कोणाला विचारणार होते मी? माझ्या वर कोणीच नव्हतं. पण नऊ वर्षं प्रत्येक कागदावर मी हेच म्हणत आले होते, त्यामुळे दुसरं वाक्य जिभेवर येईचना. अर्धा तास गेला. शेवटी शेजारच्या काकांनी माझ्या हातात पेन दिलं आणि माझ्या हातावर हात ठेवून बसले, तेव्हा सही झाली. वडील वाचले. तो अर्धा तास मात्र मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या जूनमध्ये मी ती नोकरी सोडून शाळेत शिकवायला गेले. पगार कमी, वर्गात बावन्न मुलं, आणि दहावीचं गणित. पहिल्या निकालाच्या आदल्या रात्री माझ्या पोटात गोळा आला होता. तरी कित्येक वर्षांत मला इतकं जिवंत वाटलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे एकटीचं दुखणं झालं. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पुढे लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाबद्दल वाचलं. त्यातला पहिला अभ्यास 1967 साली सुरू झाला. सगळ्यांची समजूत होती की हृदयविकार म्हणजे मोठ्या साहेबांचा आजार; जबाबदारी जास्त, म्हणून छातीत कळ. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या पायरीपेक्षा सुमारे तिप्पट होते. विडी-सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही फरक पुरता पुसला जाईना. मग 1985 पासून मायकेल मार्मट यांनी 10,308 स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा नव्याने अभ्यास मांडला. त्यात एक गोष्ट ठळक झाली: आपल्या कामात काय, कसं, केव्हा करायचं हे ज्यांच्या हातात नसतं, त्यांच्या हृदयाला धोका जास्त. पैशाची तंगी, राहणीमान हेही त्यात आहेच. पण ज्या ‘टेन्शन’ला आपण भितो, तेवढंच काही माणसाला पोखरत नाही. काहीच आपल्या हातात नसणंही पोखरतं, आणि त्याचा आवाज होत नाही, म्हणून घरच्यांना ते कळत नाही.

तरीही मी कोणालाच बोल लावत नाही. रायपूरमध्ये राहणाऱ्याला ठाऊक आहे की उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेला मुलगा बारा-बारा तास राबतो आणि उद्या कामावर घेतील की नाही याची त्याला खात्री नसते. असं पाहिलेल्या बापाने मुलासाठी पक्की नोकरी मागितली तर त्याचं काय चुकलं? 2015 मध्ये इथल्याच एका सरकारी संचालनालयात शिपायाच्या 30 जागांसाठी सुमारे 75 हजार अर्ज आले, त्यांत इंजिनिअरही होते. ती मुलं आळशी नव्हती. नालंदा परिसरची अभ्यासिका चोवीस तास उघडी असते. रात्री अकराला तिथून जाताना दिवे आणि वाकलेल्या माना दिसतात, तेव्हा मला गलबलून येतं. एवढी मेहनत करणारी मुलं पुढे आयुष्यभर काही करावं लागू नये म्हणून मेहनत करत असतील, तर त्यांना तसं कोणी शिकवलं? पक्की नोकरी मागणं वेगळं आणि रिकामी नोकरी मागणं वेगळं. आपण पालक दोन्ही एका दमात मागतो.

आपल्याच शहरात या फरकाचं एक उदाहरण आहे. माधवराव सप्रे. बूढापाऱ्याजवळची सप्रे शाळा सगळ्यांना माहीत आहे, पण माणूस किती जणांना माहीत असेल? 1871 साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियात मराठी घरात जन्म, शालेय शिक्षण इकडेच. बी.ए. झाल्यावर तहसीलदारकी चालून आली होती. ती त्यांनी घेतली नाही. त्याऐवजी पेंड्र्याच्या राजकुमाराची शिकवणी धरली, पगार महिना 50 रुपये, आणि त्याच पैशाच्या बळावर 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. सोबत रायपूरचे वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर. मासिक तीन वर्षांत तोट्यामुळे बंद पडलं, पण छत्तीसगढमधली पत्रकारिता तिथून सुरू झाली असं मानलं जातं. मला त्यातली शिकवणी फार महत्त्वाची वाटते. कामाचे तास थोडेच असणार, पगार ठरलेला, म्हणजे तीही सोयीचीच नोकरी होती. मिळालेली मोकळीक त्यांनी अंगावर दुसरं ओझं घेण्यासाठी वापरली, एवढाच फरक. तुमच्या मुलाला पाचला सुटणारी नोकरी मिळाली तर आनंदाने पेढे वाटा. फक्त पाचनंतर तो कोणासाठी काय करतो, तेही बघा.

सप्र्यांची पुढची गोष्ट आपल्यासाठी जास्त बोचरी आहे. ‘हिंदी केसरी’ या त्यांच्या पत्रातल्या लेखांसाठी 1908 मध्ये त्यांना अटक झाली आणि घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी माफीनामा लिहून दिला. घरच्यांनी हे केलं ते मायेपोटी. पण त्या सहीची बोच त्यांना असह्य झाली. त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले, लोकांतून अंग काढून घेतलं, दासबोधात बुडून गेले. पुढे त्यांनी दासबोध हिंदीत आणला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं, 1926 साली रायपुरातच देह ठेवला. जबाबदारी घेणाऱ्याचे हात भाजतात, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण मायेने जबाबदारीतून सोडवून आणलेला माणूसही सुखी झाला नाही, हेही मला विसरता येत नाही. आणि त्यांचे सोबती लाखे? 1913 साली रायपूरची सहकारी बँक उभी करून त्यांनी शेतकऱ्यांचा हिशेब आयुष्यभर अंगावर घेतला. आज आपण त्यांच्याच नावाच्या लाखेनगरात भाजी घेतो.

मुलाला जबाबदारीचं भय नोकरीच्या वयात अचानक वाटू लागत नाही. शाळेत शिकवताना मी हे रोज पाहिलं. वही विसरली की आई रिक्षा करून धावत वही आणून देई. प्रकल्प बाबा करत. बँकेत स्लिप भरायची वेळ आली की “तू अभ्यास कर, मी जातो.” घरात आजी आजारी असली तरी “त्याची परीक्षा आहे, त्याला सांगू नका.” सत्तावीस वर्षं आपण असं एकेक काम त्याच्या हातातून काढून घेतो आणि मग म्हणतो, जबाबदारी म्हटलं की याचा चेहरा उतरतो.

त्या आईला मी मे महिन्यात फोन केला. म्हटलं, परीक्षा देऊ दे त्याला, पण घरातलं एक काम पूर्ण त्याच्यावर सोड, आणि मध्ये पडू नकोस. त्यांच्या जुन्या घराचा स्लॅब गळतो. पावसाआधीची दुरुस्ती तिने त्याच्यावर टाकली: मिस्त्री शोधण्यापासून पैसे देण्यापर्यंत. दहा दिवसांनी तिचा रडवेला फोन आला. मिस्त्री आगाऊ पैसे घेऊन दोन दिवस आलाच नाही, सिमेंट महाग पडलं, आठशे रुपये जास्त गेले, तिच्या यजमानांचा पारा चढलाय, आता ते स्वतः जाऊन निस्तरतो म्हणतायत. मी म्हटलं, त्यांना थांबव. आठशे रुपये फार नाहीत. कशीबशी थांबवली तिने.

जूनच्या शेवटी रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी सातलाच तिचा फोन. “ताई, मध्यरात्री आवाज झाला म्हणून उठले. बघते तर हा गच्चीवर, टॉर्च घेऊन, भिजत. मी खालून हाका मारतेय, अरे ये खाली, सर्दी होईल. तर म्हणतो, आई, तू झोप. मी बघतोय.”