मिक्सरला किती काम झेपतं? गटाच्या कामासाठी समजून घेऊ



मसाले, चटण्या, लाडू, पापड अशी कामं आपल्यातल्या बऱ्याच गटांनी हाती घेतली आहेत. त्यासाठी यंत्र कोणतं, असं विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "घरचा मिक्सर आहे की!" आम्हीही तेच म्हणालो होतो. उन्हाळ्यात आमच्या गटाला २० किलो कांदा-लसूण मसाल्याची ऑर्डर आली. एका ताईंच्या सुनेचा, माहेरहून आलेला नवाकोरा मिक्सर आणला आणि सकाळपासून मिरची दळायला बसलो. दुपारी जळका वास आला, धूर निघाला आणि मिक्सर बंद पडला. मोटर जळली होती. मसाला शेवटी डंकावर कुटून आणला आणि ऑर्डर कशीबशी पोहोचवली. पण खरी अडचण पुढेच होती. सुनेचा मिक्सर भरून कोणी द्यायचा? गटात तसा नियमच नव्हता. दोन बैठका त्यात गेल्या आणि मनं दुखावली ती वेगळीच.

चूक मिक्सरची नव्हती. त्याला किती काम झेपतं हे आम्हाला माहीत नव्हतं. तुमची ही वेळ टळावी म्हणून हा धडा.

मिक्सर घरच्या कामासाठी असतो

आपला मिक्सर आपल्या स्वयंपाकासाठीच घडला आहे. १९६३ च्या सुमारास मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. पत्नी माधुरी यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकला नाही, म्हणून त्यांनी जास्त ताकदीच्या मोटरचा मिक्सर तयार केला. तोच 'सुमीत' मिक्सर. खोबरं, डाळी, कोरडे मसाले हे सगळं मिक्सरला झेपायला लागलं ते तेव्हापासून. पण ते वाटण एका घराचं होतं, दुकानाचं नव्हतं.

मिक्सर उलटा करून तळाची पट्टी वाचा. तिथे वॉट लिहिलेले असतात, ५०० किंवा ७५०. बऱ्याच मिक्सरवर ३० मिनिटांचं रेटिंगही असतं. म्हणजे थोडी मिनिटं चालवा, थोडी विश्रांती द्या, असं मिळून तेवढंच काम. सलग दिवसभर चालण्यासाठी ही मोटर नसते. ती फार वेगात फिरते म्हणून लवकर तापते. विश्रांती मिळाली नाही की आतल्या तारांवरचं आवरण वितळतं आणि मोटर जळते.

आता हिशोब मांडून बघा. एका वेळी १५० ग्रॅम मिरची घेतली, तर २० किलोसाठी साधारण १३३ घाण होतात. दळणं, थांबणं, भांडं रिकामं करणं मिळून एका घाणाला ५ मिनिटं धरली, तरी ६६५ मिनिटं झाली. म्हणजे ११ तास, आणि चाळणीवर राहिलेलं परत दळायचं ते वेगळंच. विजेचा खर्च त्यामानाने थोडा असतो. ७५० वॉटचा मिक्सर पूर्ण ताकदीने तासभर चालला तर पाऊण युनिट लागतं. खरा खर्च होतो तो आपल्या वेळेचा आणि मिक्सरच्या झिजेचा.

कोणता जिन्नस कसा दळायचा

*लाल मिरची:* आधी देठ काढा आणि कडक ऊन द्या. ओलसर मिरची पात्याला गुंडाळते, दळली जात नाही. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका.

*हळकुंड, सुंठ, जायफळ:* हे अख्खे कधीच टाकू नका. पातं वाकतं, नाहीतर भांड्याच्या तळाची बूश सैल होते. आधी खलबत्त्यात किंवा उखळात फोडून बारीक तुकडे करा. हळद किलोंनी दळायची असेल तर मिक्सरचा विचारच सोडा, गिरणीत किंवा डंकावर न्या.

*सुकं खोबरं, तीळ, शेंगदाणे:* यांना तेल सुटतं. भाजून पूर्ण गार होऊ द्या. मग बटण उलट्या बाजूला फिरवून थांबत थांबत दळा. सलग फिरवलं तर कुटाच्या जागी लगदा होतो.

*धणे, दगडफूल, लवंग, दालचिनी:* हे मिक्सरला झेपतात, पण भांडं तापलं की वास उडून जातो. मसाल्याचा सुगंध त्यातल्या तेलात असतो आणि उष्णतेने ते तेल उडतं. गिऱ्हाईक परत येतं ते वासासाठीच. म्हणून भांडं हाताला गरम लागलं की थांबायचं. डंकावरचा मसाला सावकाश कुटला जातो, कमी तापतो, म्हणून आजही लोकांना तो आवडतो.

*भिजवलेली उडीद डाळ:* घरापुरती मिक्सरवर चालते. वाटताना गार पाणी थोडं थोडं घाला. इडली-डोशाचं पीठ विकायचं असेल तर दगडी पाट्याचा वेट ग्राइंडर घ्यावा. तो सावकाश फिरतो, पीठ तापत नाही आणि चांगलं फुगतं.

*गरम वाटण:* कांदा-खोबरं परतल्या परतल्या बंद भांड्यात घालू नका. आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि तोंड-हात भाजतात.

फूड प्रोसेसर घ्यावा का?

फूड प्रोसेसर कांदा चिरतो, गाजर-कोबी किसतो, थोडी कणीक मळतो. डबे देणाऱ्या गटाला त्याचा उपयोग आहे. पण त्याच्या रुंद भांड्यात कोरडा मसाला बारीक होत नाही. पापडाचं घट्ट पीठ तर त्यात मुळीच घालू नका, मोटर अडकते. दुकानदार "यात सगळं होतं" म्हणाला, तर आपलाच जिन्नस पुढे ठेवा आणि करून दाखवा म्हणा.

मिक्सर थांबला तर

बऱ्याच मिक्सरच्या तळाशी लहान लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप उडतं आणि मिक्सर थांबतो. मिक्सर बिघडला असं समजू नका. त्याने स्वतःला वाचवलेलं असतं. प्लग काढा, भांड्यातला जिन्नस कमी करा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग बटण दाबा. पुन्हा उडालं तर त्या दिवशी काम बंद.

गावात दाब कमी असतो तेव्हा दिवे मंद जळतात. अशा वेळी मिक्सरही जोर धरत नाही, अडकून तापतो. दाब नीट आल्यावरच दळा.

भांड्यात चमचा किंवा हात घालण्याआधी प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पदर खोचून घ्या. तिखट दळताना नाका-तोंडाला कापड बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा. नवीन मिक्सर घेताना आयएसआय खूण आणि तीन पिनांचा प्लग बघून घ्या.

मग गटाने काय करावं?

पाच किलोच्या आतलं काम असेल तर दोन मिक्सर आलटून पालटून वापरा. त्याहून जास्त असेल तर डंकावर न्या. दर महिन्याला मोठं काम मिळत असेल तरच पल्व्हरायझरचा विचार करा. दोन एचपीचा पल्व्हरायझर म्हणजे साधारण १५०० वॉट. तो सलग कामासाठीच बनलेला असतो. घेण्याआधी घरची वायरिंग आणि मीटरचा भार वायरमनकडून तपासून घ्या. पैशांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची चौकशी करा. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत यंत्रांसाठी कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान ठेवलेलं आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूदही आहे. सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात किंवा आपल्या सीआरपी ताईंना विचारा. कर्ज काढण्याआधी तीन महिन्यांच्या ऑर्डरी वहीत लिहा. हप्ता त्यातून निघत नसेल तर थांबा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. कोणाचंही घरचं यंत्र गटाच्या कामाला फुकट वापरू नका. घरगुती मिक्सरच्या वॉरंटी कार्डावर बहुधा 'फक्त घरगुती वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. म्हणजे धंद्याच्या कामात जळला तर कंपनी भरून देत नाही. आम्ही आता ठराव केला आहे: दळलेल्या प्रत्येक किलोमागे ५ रुपये यंत्र ज्या ताईंचं त्यांना, आणि ५ रुपये दुरुस्तीच्या डब्यात. मालाची किंमत ठरवतानाच हे १० रुपये धरतो. त्या सुनेचा मिक्सरही गटाने भरून दिला. उशिरा दिला, पण दिला. आज तीच सून आमच्या मसाल्याचं वजन आणि हिशोब बघते.

पुढच्या बैठकीत यावर बोला

१. आपल्या गटाच्या कामाला कोणाकोणाच्या घरचं यंत्र वापरलं जातं? त्याचा मोबदला मिळतो का?
२. प्रत्येकीने आपल्या मिक्सरच्या तळाची पट्टी वाचून वॉट आणि रेटिंग वहीत लिहून आणावं.
३. आपण एका महिन्यात किती किलो दळतो? मिक्सर, डंक की पल्व्हरायझर, यातलं काय परवडतं?
४. यंत्र बिघडलं तर खर्च कोणी करायचा, याचा ठराव लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या.