मालवाहू व्हॅनमध्ये आडभिंत बसवावी काय?

नांदेड व लातूर जिल्ह्यांत खरिपाच्या तोंडावर सोयाबीनचे बियाणे, खते, अवजारे व औषधे बंद व्हॅनमधून गावोगाव जातात. एकदम ब्रेक लावल्यास गाडी थांबते. सुटा माल मात्र पूर्वीच्याच वेगाने चालकाच्या पाठीवर येतो. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून जड माल नेणाऱ्याने आडभिंत बसवणे इष्ट होय. ती असली तरी जड पोती तळाशी, आडभिंतीला टेकवून रचावीत व दोरखंडाने बांधावीत.

मजबूत जाळीने माल अडतो व मागचे दिसते, परंतु औषधांची वाफ अडत नाही. पत्रा वाफेला बराच अटकाव करतो. मात्र मागचे पाहण्यास बाजूचे आरसे चांगले हवेत. आडभिंत सीटला न जोडता गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्की करावी. तत्पूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आडभिंतीमागे विष व अन्न एकत्र ठेवल्यास धोका तसाच राहतो. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याखालील १९७१ च्या नियमांप्रमाणे वाहतुकीत कीटकनाशकांचा अन्नपदार्थ वा पशुखाद्याशी प्रत्यक्ष संपर्क येता कामा नये. लहान गाडीत याचा सोपा मार्ग म्हणजे औषधांची फेरी निराळी करणे.

मालाच्या भागात मजूर बसवू नयेत, हेही ग्रामकार्यकर्त्यांनी वाहनधारकांस पेरणीपूर्वीच समजावून द्यावे.