भाजीच्या सालीचा परतीचा प्रवास

आपला संसार बहुधा सरळ रेषेत चालतो : आणले, वापरले, फेकले. चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे ही रेषा वळवून तिचे वर्तुळ करणे.

इंदूर शहरात याचा धडा पाहावयास मिळतो. तेथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी गोबर-धन प्रकल्पाचे उद्घाटन झाले. उद्घाटनावेळी रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता होती. बंद टाकीत, हवेवाचून, सूक्ष्म जीव साली व शिळे अन्न कुजवितात. त्यातून निघणारा वायू शुद्ध केला की तो बसगाड्यांचे इंधन होतो. उरलेल्या गाळाचे खत होते. शेतातून आलेले पुन्हा मातीत जाते.

परंतु प्लास्टिक या जीवांना पचत नाही. म्हणून ओले-सुके वेगळे करण्याचे काम स्वयंपाकघरातच झाले पाहिजे. आपण ते टाळले, तर दुसऱ्या कोणाला तरी घाणीत हात घालावे लागतात. शिवाय पानात टाकलेल्या अन्नामागचे पाणी व श्रम कोणतेही यंत्र परत देत नाही. तेव्हा आधी लागेल तेवढेच घ्यावे. उरेल ते वेगळे ठेवावे.

मननासाठी प्रश्न : काल आपल्या घरातून काय काय बाहेर टाकले गेले? त्यातले काय मुळात आणलेच नसते तरी चालले असते?