धडधडणारे हृदय आणि प्रभूवरील भरवसा

शास्त्रवाचन : स्तोत्र ३८:९-१५, २ राजे २०:१-७, १ राजे १९:३-८



सुरतेच्या डिंडोली, उधना व लिंबायत या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडील आपली पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. त्यांच्या घरच्या प्रार्थनासभांना आम्ही जातो तेव्हा प्रार्थनेच्या विनंत्यांत एक तक्रार वरचेवर ऐकू येते : छातीत धडधडते, मध्येच ठोका चुकतो, रात्री झोप लागत नाही. आणि मागोमाग हलक्या आवाजात प्रश्न येतो, "आमचा विश्वास कमी पडतो काय?" या दोन्हींचा विचार या पाठात करू.

१. शास्त्र ही व्यथा लपवीत नाही

अडतिसाव्या स्तोत्रात दावीद आपल्या धडधडत्या हृदयाचे गाऱ्हाणे उघडपणे देवापुढे मांडतो, आणि त्याच देवाची वाट पाहतो. त्या स्तोत्रात तो आपल्या पापाविषयीही बोलतो हे खरे. परंतु त्यावरून प्रत्येक आजारामागे पाप असते असा नियम करता येत नाही. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी तसाच तर्क केला तेव्हा प्रभू येशूने तो नाकारला (योहान ९:१-३). म्हणून धडधड होणाऱ्या भावाला "तुझे काही चुकले असेल" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२. ठोका का चुकतो?

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विसाव्याच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानसे केंद्र आहे. तेथून निघणाऱ्या सूक्ष्म विद्युत लहरीने हा ताल चालतो. कधी एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा येतो आणि पुढचा ठोका जोराने लागतो. यालाच आपण "ठोका चुकला" म्हणतो. असे अधूनमधून निरोगी माणसालाही होते व बहुधा त्यात धोका नसतो.

जागरण, फार चहा, तंबाखू व मावा, ताप, रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार आणि काळजी ही याची नेहमीची कारणे आहेत. लूमवर बारा बारा तासांची पाळी, आज दिवसाची तर उद्या रात्रीची, आणि जागे राहण्यासाठी चहावर चहा. किंवा डाइंगच्या उष्णतेत घाम गाळणे व पाणी कमी पिणे. असे जीवन जगणाऱ्याच्या हृदयाने तक्रार केली तर नवल काय?

परंतु दुसराही प्रकार आहे. लहानपणी घसा सुजून पुढे सांधेदुखीचा ताप आलेला असेल तर हृदयाची झडप अरुंद होऊ शकते व पुढे ताल अगदीच अनियमित होतो. अशा वेळी हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. म्हणून "धडधड काय, सगळ्यांनाच होते" असे म्हणून स्वस्थ बसू नये.

३. प्रार्थना आणि औषध

हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली. देवाने ती ऐकून त्याला पंधरा वर्षे आयुष्य दिले, आणि त्याच वेळी यशयाने गळवावर अंजिरांचे पोटीस लावण्यास सांगितले. जेथे प्रार्थना ऐकली गेली तेथेच औषधही लावले गेले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत जे मिशन हॉस्पिटल उघडले, तेही याच विश्वासाने.

यासाठी एक कळकळीची विनंती. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असताना "आता प्रार्थनेने बरे वाटते" म्हणून कोणीही ती आपल्या मनाने बंद करू नये. बरे वाटले तरी गुठळीचा धोका टळलेला नसतो. देवाने बरे केले असेल, तर ते डॉक्टरांच्या तपासणीतही दिसेल; तपासणीला भिण्याचे कारण नाही.

४. काय करावे?

अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. धडधड केव्हा झाली, किती वेळ टिकली, त्यापूर्वी काय घेतले होते, हे वहीत लिहावे. ताल कसा होता तो डॉक्टरांना टेबलावर बोट वाजवून दाखवावा. धडधड चालू असतानाच ई.सी.जी. निघाला तर उत्तम. नंतर काढलेला पुष्कळदा ठीक येतो. अशा वेळी डॉक्टर चोवीस तास नोंद घेणारे यंत्र लावतात. उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

धडधडीबरोबर घेरी येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

५. भीती आणि विसावा

भीतीने हृदय वेगाने चालते आणि वेगाने चालले की भीती वाढते. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने रागे भरले नाही. देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. पुढचा मार्ग त्यानंतर दाखविला. झोप व अन्न ही देखील देवाची देणगी आहे. पौलाच्या देहातील काटा प्रार्थना करूनही निघाला नाही, तरी कृपा उणी पडली नाही (२ करिंथ १२:७-९). तपासणीत धोका नाही असे ठरल्यावरही ज्याची धडधड राहते, त्याने हे मनात धरावे.

६. मंडळीचे काम

दाविदाचे मित्र त्याच्या दुखण्यात दूर उभे राहिले. आपण तसे करू नये. उक्त्या कामावरील मजुराचा सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो तपासणी पुढे ढकलतो. त्याच्यासोबत जाणारा एक भाऊ आणि त्या दिवसाच्या चुलीची सोय, एवढे तरी मंडळीने करावे. हीही प्रार्थनाच होय.

चर्चेसाठी प्रश्न
१) हिज्कीयाच्या गोष्टीत प्रार्थना व उपचार यांचा संबंध कसा दिसतो?
२) देवाने एलीयाला प्रथम काय दिले, आणि का?
३) आपल्या मंडळीत कोणाची तपासणी राहून गेली आहे? त्याच्यासोबत कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या हृदयाचा प्रत्येक ठोका तुला ठाऊक आहे. भ्यालेल्यांना धीर दे, डॉक्टरांना ज्ञान दे आणि आम्हांला एकमेकांचे सोबती कर. आमेन.