खापर टँकरच्या पाण्यावर

सोलापूर,
14 नोव्हेंबर 2025

चि. मुक्तास,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी तुळशीच्या लग्नाचं झालं, मग दादाच्या गुडघ्याचं झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मुक्ताचं बाकी छान चाललंय हो, फक्त चेन्नईचं पाणी बाधतंय तिला. बोटं फुटलीत." फुटलीत म्हणजे काय, विचारलं, तर म्हणे टोकांना भेगा पडल्यात, टँकरचं पाणी ना! आणि सकाळी डोळे सुजतात ते एसीने. वीणेचा क्लास वेळ नाही म्हणून सोडलाय. मी तुझे दिवाळीचे फोटो पुन्हा काढून बघितले. पापण्या सुजलेल्या दिसतातच, आणि त्याच फोटोत दिवा धरलेल्या हाताची ती तकतकीत गुलाबी नखंही दिसतात. रात्री डोळा लागला नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "हो गं आत्या, बघते" म्हणून मोकळी होतेस. कागदावरचं निदान वाचावं तरी लागेल.

मुक्ता, ते पाणी नव्हे.

तुमच्या त्या ओएमआर रस्त्यावर टँकर येतात, बोअरचं पाणी जड असतं, 2019 च्या उन्हाळ्यात तर तुमच्या शहराचे तलावच आटले होते, सगळं कबूल. पण पाण्याने हात जातात तेव्हा बेचक्या जातात, हाताची पाठ खरखरीत होते. शिवाय त्याच नळाचं पाणी वापरणाऱ्या पीजीतल्या बाकीच्या मुलींचं काय? त्यांचे हात बरे कसे? नुसती बोटांची टोकं, नखाच्या कडेची कातडी आणि जोडीला पापण्या, ही जोडी मी ओळखते. जन्मभर दातांचा दवाखाना चालवलाय मी. आमच्या कवळ्या ज्या भुकटी-द्रवापासून बनतात आणि तुझी नखं ज्याने चकाकतात, ती सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, अ‍ॅक्रिलेट. आता तर तुला हसू येईल, पण कृत्रिम नखांचा हा प्रकार 1950 च्या दशकात अमेरिकेत एका दंतवैद्यानेच काढला. तुटलेलं नख दातांच्या मसाल्याने सांधलं म्हणे. म्हणजे हे दुखणं तुमच्याकडे आमच्याच धंद्यातून आलं.

आमच्या लॅबमध्ये कवळ्या करणारे मामा होते, तू लहानपणी त्यांच्याकडून मेणाचे दात मागून आणायचीस. त्यांची पहिली तीन बोटं आठव. टोकांवरची रेषाच गेली होती, कातडी जाड, पिवळट, आणि तिला उभ्या चिरा. हातमोजे घालायचे, तरी व्हायचं. नंतर आम्हाला कळलं की तो द्रव साध्या रबरी मोज्यातून काही मिनिटांत आरपार जातो, आणि आत अडकलेला अधिकच लागतो. त्यांनी शेवटी काम बदललं. तेही सुरुवातीला म्हणायचे की सोलापूरचं पाणीच वाईट.

हे होतं कसं ते सांगते, कारण तू शिकलेली आहेस, नुसतं "नको करूस" म्हटलेलं तुला पटायचं नाही. तू नखांना लावतेस ते बाटलीतलं जेल म्हणजे सुटे, बारीक रेणू. नखांच्या दिव्याखाली हात धरला की ते एकमेकांना धरून साखळी करतात आणि टणक होतात. टणक झालेलं फारसं कुणाला काही करत नाही. त्रास देतात ते सुटे राहिलेले. थर जाड बसला, दिवा कमजोर असला, एका कंपनीचं जेल आणि दुसरीचा दिवा असला, की वरून कडक दिसणाऱ्या थराखाली कच्चं राहतं. नखाबाहेर कातडीवर ओघळलं तर सरळ आतच जातं. मग शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. हे शिकायला त्याला महिने लागतात, कधी वर्षं. म्हणून "मी दीड वर्ष करतेय, कधी काही झालं नाही" हे जे तू आईला सांगितलंस त्याला काही अर्थ नाही. आणि एकदा शिकल्यावरसुद्धा लगेच कळत नाही. रविवारी जेल लावलं तर मंगळवारी-बुधवारी खाज येते, तोवर रविवार कोणाला आठवतो? खापर टँकरवर फुटतं.

पापण्या कशाने, विचारशील. डोळ्याला तू काही लावलं नाहीस. अगं, दिवसातून कितीदा आपला हात चेहऱ्यावर जातो ते आपल्याला ठाऊकही नसतं, आणि अंगातली सगळ्यात पातळ कातडी पापणीची. नख घासताना उडणारी भुकटीही तिथेच बसते.

आता रागावते. सलूनमध्ये जात होतीस तोवर मी समजू शकते. पण तुझ्या आईने सहज सांगितलं की आता तू दिवा आणि बाटल्या ऑनलाइन मागवल्यास आणि दर रविवारी पीजीतल्या मुलींची नखं करून देतेस, पैसे घेऊन. आईला त्याचं कौतुक वाटलं, मुलगी उद्योगी आहे म्हणून! मुक्ता, यातला जो मुख्य त्रासदायक रेणू आहे, हेमा म्हणतात त्याला, तो युरोपात काही वर्षांपासून फक्त व्यावसायिक कामगारानेच वापरायचा असा नियम आहे. बाटलीवर तसं छापावं लागतं, अ‍ॅलर्जी होऊ शकते हेही छापावं लागतं. तू पलंगावर बसून, उघड्या हातांनी, दहा जणींची बोटं धरून ते फासतेस. तुझ्या टोकांना सगळ्यात जास्त लागणारच, कारण गिऱ्हाईक महिन्यातून एकदा आणि तू दर आठवड्याला. आणि उद्या त्यातल्या एखाद्या पोरीची बोटं सुजली तर तिच्या आईला काय सांगणार आहेस? टँकर?

पैसे कमी पडत असतील तर मला सांगायचं होतंस. असो.

छोट्या काकूने फॅमिली ग्रुपवर जे पाठवलं, "युरोपमध्ये जेल नखांवर बंदी", ते मात्र मनावर घेऊ नकोस. बंदी यंदा 1 सप्टेंबरपासून आली ती टीपीओ नावाच्या एका घटकावर, जेल घट्ट करायला घालतात त्यावर, आणि तीही प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननाला धोका दिसला म्हणून. तुझ्या बोटांशी त्याचा संबंध नाही. टीपीओ नसलेलं जेल आणलं म्हणून भागणार नाही. "हेमा-फ्री" लिहिलेलंही नको, त्यात दुसरी भावंडं असतात.

माझ्या जिवाला घोर लागलाय तो भेगांचा नव्हे. भेगा भरतील. पण ही अ‍ॅलर्जी एकदा पक्की झाली की जन्माची सोबतीण होते, आणि अ‍ॅक्रिलेट नुसतं नखांत नसतं. दाढेत पांढरं सिमेंट भरताना खाली जो थर लावतात त्यात हेमा असतं. दादाचा गुडघा उद्या बदलायचा झाला तर हाडाला जे सिमेंट लावतील तेही अ‍ॅक्रिलिकच. आणि आपल्या घरात साखर आहे, बाई. अण्णांना होती, मला आहे, दादाला आहे. मी दंडाला ते साखर मोजायचं यंत्र चिकटवते ना, तसल्या यंत्रांच्या चिकटीत अ‍ॅक्रिलेट निघाल्याने कितीकांच्या दंडावर चट्टे उठलेत. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, पण आली तर चोवीस वर्षांची असताना केलेल्या गुलाबी नखांपायी तुझे रस्ते बंद झालेले मला नकोत.

घाबरवायचं नाहीये तुला. अशा सगळ्यांनाच पुढे त्रास होतो असं नाही. पण आजवर जेवढं झालं तेवढ्यावर थांबलीस तर बरं. त्यासाठी आधी कळायला हवं की ते हेच आहे, पाणी नव्हे.

नखांची हौस मला कळत नाही असं समजू नकोस. कॉलेजात असताना मला लाल नखांचं वेड होतं. पण लोकांच्या तोंडात हात घालायचा म्हणजे नखं मुळापासून कापलेली हवीत. दिवाळीच्या चार दिवसांत रंग लावायचे आणि भाऊबीजेच्या रात्री पुसून टाकायचे. पुढे दवाखाना, मग संसार, मग ते चार दिवसही गेले. आता लावावं म्हटलं तर हात म्हातारे दिसतात. आणि मद्रासचं म्हणशील, तर पुढच्या शिक्षणासाठी तिथल्या सरकारी दंत महाविद्यालयाचा अर्ज मी मागवला होता. अण्णा म्हणाले, फार लांब आहे, भाषा कळायची नाही. अर्ज भरलाच नाही गेला. तू जेव्हा चेन्नईला निघालीस आणि दादा कुरकुरला, तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्या गावात तू आनंदात राहावंस, तमिळ बोलावंस, मैलापूरला वीणा शिकावीस, हे मला फार हवंय. क्लास वेळ नाही म्हणून सोडला नाहीस तू. फुटक्या टोकाने तार दाबवत नाही, म्हणून सोडलास. खरं ना?

तर आता एवढं कर. नखांवरचं जेल स्वतः उपटून काढू नकोस, नखाचा पापुद्रा निघतो. मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणून पापणीला चोळू नकोस, बहुतेक ट्यूबांत स्टिरॉइड असतं आणि ते डोळ्यात जाणं बरं नव्हे. चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि पॅच टेस्ट करायची आहे म्हण. ओळखीचं कुणी नसेल तर सेंट्रल स्टेशनसमोरच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयात त्वचेचा मोठा विभाग आहे, रांगेला लाजू नकोस. नखांचं काम करते हे स्वच्छ सांग, कारण नेहमीच्या तपासणीच्या संचात अ‍ॅक्रिलेट असेलच असं नाही, ते मागून घ्यावं लागतं. पाठीवर बारीक टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. घरच्या बाटलीतलं लावून स्वतः टेस्ट करायचा शहाणपणा मात्र नको, त्याने नसलेली अ‍ॅलर्जी व्हायची.

रंगाविना राहवलं नाही तर तिकडच्या बायका आडी महिन्यात मरुदाणीची, म्हणजे मेंदीची, ताजी पानं वाटून बोटांना टोप्या घालतात, तसं कर, भेगा भरल्यावर. कोनातली काळी मेंदी नको, तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन घालतात आणि ते वेगळंच लफडं आहे.

तोवर जेवताना चमचा घे. चिंचेचं रसम त्या भेगांत किती झोंबत असेल, नुसत्या कल्पनेने माझ्या हाताला कळ येते. आणि ज्यांची ज्यांची नखं केलीस त्यांना खरं सांगून टाक, रागावल्या तर रागावू देत.

पट्ट्या लावल्या की चार-पाच दिवस पाठ भिजवायची नसते, घामही यायला नको. चेन्नईत घाम नको म्हणजे कमालच, पण एसीत बसायची सुट्टी द्या म्हण ऑफिसला! तुझे एवढे लांब केस मग धुणार कोण? मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूरवरूनच जाते, आणि मला आता दवाखाना नाही. पुढे वाकवून धुऊन देईन, लहानपणी द्यायची तशी. तेव्हा फार रडायचीस, साबण डोळ्यात जातो म्हणून. डॉक्टरांची तारीख मिळाली की लगेच कळव, मी तिकीट काढते. शेंगाची चटणी आणतेच आहे, कडक भाकरी किती आणू ते सांग, मैत्रिणींना धरून. आईला मी काही बोललेले नाही, तुझं तू सांग.

तुझी,
आत्या