तरव्याला सुट्टी कळत नाही

भाताचं रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की लावणीला येतं. आमच्या वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. तरी तीन वर्षांपूर्वी मी सात आठवड्यांचा तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, खाचरात लावला आणि 14 पोत्यांच्या जागी 8 पोती भात घरी आणलं. पाऊस वेळेवर झाला होता, इंद्रायणीचं बियाणं चांगलं उगवलं होतं. चुकला तो माझा वेळेचा हिशेब. नोकरी सांभाळून शेती, अभ्यास किंवा घरचा धंदा करणाऱ्यांची अशीच ओढाताण होते, म्हणून हे लिहितो आहे.

मी महामार्गावरच्या एका कारखान्यात कामाला आहे. गावातून चेलाडी फाट्यापर्यंत मोटारसायकल आणि पुढे कंपनीची बस, असे येण्याजाण्यात रोज अडीच तास जातात. पाळी आठवड्याला बदलते, सुट्टी गुरुवारी असते. घरी आई, दोन म्हशी आणि एक एकर भातखाचर.

त्या वर्षी मी वेळेचं नियोजन शिकायचं मनावर घेतलं होतं. नवी डायरी आणली, मोबाइलवर गजर लावले. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची कामं लिहायची आणि झालेल्या कामापुढे खूण करायची. पंधरातली बारा कामं झाली की समाधानानं झोप लागायची. उरलेल्या तीन कामांकडे मी नीट पाहिलंच नाही. त्यांत लावणी रोज असायची.

रोहिणीत रोपांचा राब तयार होता. 9 जूनला, मृग लागल्यावर, पेरणी केली. जुलै उजाडता तरवा लावणीला आला. पहिल्या गुरुवारी मी गाडीची सर्व्हिसिंग केली, नसरापूरला जाऊन बँकेचं केवायसी उरकलं, गोठ्याचा पत्रा बसवला, वीजबिल भरलं. दिवसभर घाम गाळला. संध्याकाळी पॉवर टिलरवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "दादा, आठ दिवस आधी सांगायचं ना. आता पुढच्या आठवड्यातच." दुसऱ्या गुरुवारी टिलर आला, चिखलणी झाली, पण लावायला माणसं नव्हती. सगळी आळी दुसऱ्याच्या इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात मदतीला, गेली होती, आणि त्या वर्षी मी स्वतः कुणाच्याच इर्जिकीला गेलो नव्हतो. तिसऱ्या गुरुवारी जादा पाळीसाठी बोलावणं आलं. पैसे मिळणार होते, मी हो म्हणालो. शेवटी 27 जुलैला रजा टाकून खाचरात उतरलो.

त्या सकाळचा तरवा अजून डोळ्यांपुढे आहे. वेळेवरचं रोप हलक्या हातानं उपटलं की मऊ मुळांसकट अलगद येतं. हे रोप हिसका दिल्याशिवाय निघेना. बुडखा कडक झाला होता, पेरं धरलं होतं, पातीची टोकं पिवळी पडली होती. मुळं एकमेकांत इतकी गुंतली होती की एक मूठ सोडवताना निम्मी तुटली. आई शेजारी वाकून मुठी बांधत होती. बऱ्याच वेळानं तिनं मान वर न करता विचारलं, "आरं, तरव्याला तुझी सुट्टी कळती व्हय?"

जास्त वयाच्या रोपाची वाढीची उमेद वाफ्यातच संपते. लावल्यावर ते जगतं, पण फुटवे कमी धरतं. आम्ही एका चुडात चार-पाच रोपं लावून पाहिली, तरी खाचर शेवटपर्यंत विरळच राहिलं. ऑक्टोबरात शेजारच्या खाचरात लोंब्या वाकल्या होत्या आणि आमच्या बांधावर उभं राहिलं की चुडांमधली माती दिसत होती.

त्या हिवाळ्यात डायरी पुन्हा चाळली. एकही दिवस रिकामा नव्हता. तेव्हा कळलं की माझा आळस आडवा आला नव्हता, माझी निवड आडवी आली होती. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, कामांच्या दोन रांगा करा: थांबणारी आणि न थांबणारी. गोठ्याचा पत्रा आठ दिवस थांबला असता, बँकही थांबली असती. तरवा थांबणार नव्हता. परीक्षेचा अर्ज, पीकविम्याची मुदत, आजारी माणसाची तपासणी ही सगळी तरव्याच्या जातीची कामं. ती यादीत इतर कामांबरोबर एका ओळीत लिहिली की त्यांचं वजन दिसत नाही. सोपी कामं पुढे घुसतात आणि दिवस भरून टाकतात. मी आता न थांबणारी कामं वेगळ्या पानावर लिहितो आणि प्रत्येकापुढे शेवटची तारीख घालतो. एका वेळी तीनच.

दुसरी गोष्ट, तारखेपासून मागे मोजत या. इंद्रायणीला तयार व्हायला साधारण 135 ते 140 दिवस लागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी हवी तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी हवी, आणि टिलरवाल्याशी बोलणं मे महिन्यातच हवं. आपले जुने लोक नक्षत्रांवर असंच मोजायचे. मृगाला काय, आर्द्राला काय, पुनर्वसूला काय, हे ठरलेलं असायचं. त्यांच्याकडे डायरी नव्हती, पण कामाचा क्रम पक्का होता.

तिसरी गोष्ट, मनाच्या अंदाजावर विसंबू नका, मागच्या वेळी किती वेळ लागला ते पाहा. लावणी दोन दिवसांत होईल असं मी दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी चार दिवस लागायचे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये माणसाच्या या खोडीवर बोट ठेवलं: स्वतःच्या कामाला लागणारा वेळ आपण कमीच धरतो, आधीचा अनुभव समोर असला तरी. यावर उपाय म्हणजे नोंद. कामाला लागलेले खरे दिवस लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी तोच आकडा धरा.

चौथी गोष्ट, जे काम दुसऱ्याच्या हातात आहे त्याची हालचाल सगळ्यात आधी करा. फोनला दोन मिनिटं लागतात, पण तो उशिरा केला तर आठवडा जातो. आणि दुसऱ्याचा वेळ हवा असेल तर आपला द्यावा लागतो. आता जूनच्या शेवटी मी दोन दिवस रजा काढून इतरांच्या खाचरात लावणीला जातो. आमच्या लावणीला बारा-पंधरा माणसं येतात.

पाचवी गोष्ट, काही वेळ मोकळा राखून ठेवा. आमच्याकडे जुलैत वीज जाते, मोबाइलला रेंज नसते, ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद होतो. काठोकाठ भरलेलं वेळापत्रक अशा एका दिवसानं कोलमडतं. भोरजवळचं भाटघर धरण बघा. साडेतेवीस टीएमसीचा हा साठा पावसाळ्यात भरतो आणि नीरेच्या कालव्यांतून पुढे आवर्तनानं जातो, म्हणून खालच्या शेतांना उन्हाळ्यातही पाणी मिळतं. आठवड्यातले तीन-चार तास मी तसेच राखून ठेवतो. ते कधी वाया गेले नाहीत.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात उशिरा उमगली. त्या जुलैत मी कामाला गेलो की आई रोज राबावर जाऊन वाफ्यात पाणी टिकतंय का पाहायची, बांध फुटला तर माती लावायची, वर म्हशी, चूल, धारा. तिला गुरुवार नव्हता. माझ्या पानावरच्या कितीतरी खुणा तिच्या कष्टांवर उभ्या होत्या आणि तिचं एकही काम त्या पानावर नव्हतं. आता रविवारी रात्री आम्ही दोघं बसून आठवडा ठरवतो. आधी तिची कामं लिहितो, मग माझी. घरात दुसऱ्या कुणाच्या जिवावर आपला वेळ वाचत असेल, तर त्याला नियोजन म्हणू नये.

त्यानंतरच्या तिन्ही वर्षी आमची लावणी 10 जुलैच्या आत उरकली आहे. तुमचा तरवा भाताचाच असेल असं नाही. पण न थांबणारं एखादं काम तुमच्याही घरात असेलच. आज रात्री ते एका कागदावर लिहा, त्याची शेवटची तारीख घाला, ते ज्याच्या हातात आहे त्याचं नाव लिहा आणि उद्या सकाळी दुसरं काही करण्याआधी त्याला फोन करा.